चटईवर बसून शिकलेल्या गोष्टी

(हितचिंतक मेळाव्यात फिजिओथेरपीच्या एका विद्यार्थिनीने केलेले भाषण. मुलांची व पालकांची ओळख पटू नये म्हणून नावे व गावे दिलेली नाहीत.)



मी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील एका ठाकर वाडीतली. माझे शिक्षण आधी आश्रमशाळेत आणि नंतर आपल्या वसतिगृहात झाले. माझा फिजिओथेरपीच्या पदवीचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा होता. चार वर्षे वर्ग आणि परीक्षा, आणि शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. त्या सहा महिन्यांतले दोन महिने मी चिंचवडच्या एका बालउपचार केंद्रात काम केले, आणि नंतरही सुट्टीच्या दिवशी तिथे जात राहिले. माझी फी, खोली आणि बसचा पास यांत तुमच्यापैकी अनेकांचा हातभार आहे. तेव्हा तिथे मी काय पाहिले ते तुम्हाला सांगणे माझे कर्तव्यच आहे.

बालउपचार केंद्र म्हटले की दवाखाना डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात तिथे खाट नाही, सलाईन नाही, औषधांचा वास नाही. जमिनीवर जाड चटया, मोठे रबरी चेंडू, भिंतीवर मुलांच्या उंचीचा आरसा, लाकडी पेट्या, बुटके स्टूल, दोन्ही बाजूंनी धरून चालायच्या दांड्या आणि खेळणी. पहिल्यांदा आलेले पालक हमखास विचारतात, "औषध कधी देणार?" इथे औषध नाही असे सांगितले की काहींचा चेहरा पडतो. एक आजोबा तर म्हणाले, "खेळवायचंच आहे तर घरी खेळवू की!" आमच्या मॅडम हसून म्हणाल्या, "बाबा, तेच तर शिकवायचं आहे तुम्हाला."

त्या केंद्रात येणारी बरीच मुले सेरेब्रल पाल्सीची असतात. जन्माच्या आधी, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काळात मेंदूच्या काही भागाला इजा होते. बाळ वेळेच्या फार आधी जन्मते, जन्मल्यावर वेळेत श्वास घेत नाही, किंवा कावीळ फार वाढते आणि उपचार मिळत नाहीत, अशी त्याची कारणे असतात. मेंदूतली इजा पुढे वाढत नाही. पण स्नायूंना मिळणारा हुकूम बिघडलेला असतो. त्यामुळे कुणाचे पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, कुणाची मान धरत नाही, कुणाचा एक हात मुठीतच राहतो. मूल तसेच पडून राहिले तर सांधे आखडतात, खुबा निसटू शकतो, आणि जे जमण्यासारखे होते तेही हातचे जाते. आमचे काम ही हानी टाळण्याचे आणि जेवढी हालचाल शक्य आहे तेवढी मुलाच्या उपयोगात आणून देण्याचे आहे.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण आमच्या वाड्यांवर याला वेगळी कारणे दिली जातात. आईने ग्रहणात विळी हातात धरली, कुणाची नजर लागली, बाहेरचे काही झाले. या प्रत्येक कारणात दोष शेवटी आईच्या पदरात पडतो. केंद्रात आलेल्या कितीतरी बायांनी आपले मूल कशाने असे झाले हे पहिल्यांदा नीट ऐकले तेव्हा त्या रडल्या. मूल बरे होणार म्हणून त्यांना रडू आले नव्हते. आपला दोष नव्हता हे कुणीतरी सांगितले म्हणून आले होते.

आमच्या मॅडम कुणाच्याही गळ्यातला ताईत किंवा पायातला काळा दोरा काढायला लावत नसत. एका बाळाच्या घोट्याला दोरा होता आणि नेमका तिथेच स्प्लिंटचा पट्टा यायचा. मॅडम आजीला म्हणाल्या, "आजी, हा दोरा वर गुडघ्याजवळ बांधला तर चालेल का? इथं पट्ट्याखाली कातडी सोलेल." आजीने लगेच हलवला. पुढच्या खेपेला आजी स्वतःच पट्टा नीट बसलाय का ते पाहू लागल्या. आधीच वाद घातला असता तर आजी परत आल्या नसत्या.

पहिल्या आठवड्यात मॅडमनी मला एक हिशेब करायला लावला. मूल आठवड्यातून दोनदा येते, दरवेळी पाऊण तास. म्हणजे दीड तास. आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट. उरलेल्या साडेसहासष्ट आणि शंभर तासांत मूल कुठे असते, कुणाच्या कडेवर असते, कसे झोपते, कसे जेवते, हे जर आपण विचारले नाही तर आपल्या दीड तासाला काही अर्थ नाही. म्हणून प्रत्येक मुलाच्या कागदावर आजाराच्या नावाखाली आम्ही घरचा दिवस लिहून घेत असू. सकाळी कोण उठवते, पाणी कुठून आणतात, घरात जमीन कसली आहे, दिवसा मुलाजवळ कोण असते.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यात या प्रश्नांची उत्तरे फार वेगवेगळी येतात. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मग मोटारींचे कारखाने आले, पुढे चाकणची औद्योगिक वसाहत वाढली. या कारखान्यांमागून मराठवाडा, विदर्भ, खानदेश, बिहार, उत्तर प्रदेश इथून माणसे आली. केंद्रात रात्रपाळी संपवून कंपनीच्या गणवेशातच मुलाला घेऊन येणारे वडील मी पाहिले. चटईवर मुलासमोर बसता बसता त्यांचे डोळे मिटत. आजी-आजोबा गावाकडे, इथे एका खोलीत दोघेच. तरीही ही माणसे येतात, कारण पगार महिन्याचा असतो आणि एक दिवस रजा टाकता येते.

जे येत नाहीत ते या पट्ट्यातले आपले लोक. बांधकामावर, खडी क्रशरवर, वीटभट्टीवर काम करणारे कातकरी, ठाकर, महादेव कोळी. कारखान्याचे पत्रे आणि नवे मजले आपल्याला रस्त्यावरून दिसतात. त्यांच्या विटा थापणारी पाले मात्र रस्त्यावरून दिसत नाहीत.

त्यांतल्या एका मुलाबद्दल मला बोलायचे आहे. वय अडीच वर्षे. आईवडील कातकरी, मूळचे कर्जतकडचे, दिवाळीनंतर चाकणच्या आसपासच्या एका भट्टीवर आलेले. जवळच्या अंगणवाडीतल्या सेविकेच्या नजरेला तो मुलगा पडला. तिच्या अंगणवाडीच्या यादीत त्याचे नाव नव्हते, तरी तिने आपल्या संस्थेच्या कार्यकर्त्या ताईंना सांगितले आणि ताईंनी त्याला केंद्रात आणले. मूल बसत नव्हते. उचलले की पाय ताठ होत आणि एकावर एक चढत. जन्मल्यावर बराच वेळ रडला नव्हता, एवढे आईला आठवत होते.

केंद्रात त्या बाईशी बोलायला कुणाला जमेना. तिची बोली कातकरी, माझी ठाकरी. सगळे शब्द जुळत नाहीत, पण अर्धे जुळतात, आणि उरलेले अर्धे हाताने सांगता येतात. ती तीनदा आली. चौथ्यांदा आली नाही, पाचव्यांदाही नाही. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे "अनियमित" असा शेरा पडला. सहा आठवडे न आल्यास जागा पुढच्या मुलाला द्यायची, असा तिथला नियम आहे. प्रतीक्षा यादी मोठी असते, त्यामुळे नियमही चुकीचा म्हणता येत नाही. पण या वयातले सहा महिने पुन्हा मिळत नाहीत. जागा गेली असती तर त्या मुलाचे ते सहा महिने झोळीतच गेले असते.

मॅडमची परवानगी घेऊन एका रविवारी मी ताईंबरोबर भट्टीवर गेले, तेव्हा न येण्याचे कारण आपोआप समजले. भट्टीवर मजुरी माणशी नसते, जोडप्याची असते. हजार विटांमागे ठरलेला दर. नवरा गारा करतो आणि थापतो, बायको माती पुरवते, विटा उलटते, रचते. मध्यरात्रीनंतर काम सुरू होते आणि ऊन चढेपर्यंत चालते. एकीने एक दिवस काम सोडले की दोघांची मजुरी बुडते, आणि पावसाळ्यात घेतलेली उचल अंगावर तशीच राहते. चिंचवडला यायचे तर आधी चाकणपर्यंत शेअर रिक्षा, मग भोसरीची बस, मग दुसरी बस. पाऊण तासाच्या उपचारासाठी अख्खा दिवस. "अनियमित" या शब्दामागे एवढा हिशेब होता.

मुलगा पालात झोळीत होता. दिवसातला बहुतेक वेळ तो तिथेच असे, उताणा, पाठीची कमान झालेली. झोळीत पाय जुळलेले राहतात आणि अशा मुलाचे पाय त्याने अधिकच ताठ होतात. पण झोळी काढून टाका असे मी सांगू शकत नव्हते. खाली ओबडधोबड जमीन, विंचवाची भीती, आणि लक्ष ठेवायला फक्त सहा वर्षांची बहीण.

केंद्रात आम्ही अशा मुलांना कोपऱ्याच्या खुर्चीत बसवतो. दोन फळ्या काटकोनात जोडलेल्या असतात. त्यांच्या कोनात मूल बसले की खांदे पुढे येतात, हात समोर येतात, मान सरळ राहायला मदत होते. ही खुर्ची विकत घ्यायची गरज नाही हे मी पुस्तकातच वाचले होते. डेव्हिड वर्नर यांनी मेक्सिकोच्या डोंगराळ भागातल्या अनुभवावरून १९८७ साली 'डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रन' हे पुस्तक काढले. त्यात ओंडक्यापासून, खड्ड्यापासून, जुन्या टायरपासून अशी साधने कशी करायची याची चित्रे आहेत. भट्टीवर ओंडका नव्हता. विटा मात्र हव्या तेवढ्या होत्या.

मी जमिनीवर काडीने आकृती काढली. वडिलांनी ती एकदा पाहिली आणि काही न बोलता कामाला लागले. सावलीत, भट्टीच्या धगीपासून आणि धुरापासून दूर, त्यांनी भाजलेल्या विटांचा काटकोनी कठडा रचला, मुलाच्या खांद्याच्या उंचीचा. आत दुहेरी गोणपाट घातले. दोन गुडघ्यांच्या मध्ये कापडात गुंडाळलेली अर्धी वीट ठेवली, म्हणजे पाय एकमेकांवर चढणार नाहीत. समोर दोन विटांवर फळी, ती झाली पाट. दहा मिनिटेसुद्धा लागली नाहीत. जो माणूस रोज शेकडो विटा रचतो त्याला मी रचणे काय शिकवणार? त्याला फक्त कशासाठी रचायचे ते माहीत नव्हते.

मुलाला त्यात बसवले. आधी तो रडला. मग बहिणीने समोरच्या फळीवर भाकरीचा तुकडा ठेवला. बऱ्याच वेळाने त्याचा डावा हात पुढे आला. तुकडा पकडला, सुटला, पुन्हा पकडला. आई गाऱ्याच्या हातांनी तशीच उभी राहून बघत होती.

त्या दिवशी आणखी दोनच गोष्टी दाखवल्या. एक, मुलाला आडवा न घेता कडेवर पाय फाकवून दोन्हीकडे टाकून घ्यायचा. दुसरी, झोपवून आणि डोके मागे टाकून भरवायचे नाही. बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून भरवायचे, म्हणजे ठसका लागत नाही. वेगळा वेळ काढून करायचा एकही व्यायाम सांगितला नाही, कारण वेगळा वेळ त्यांच्याकडे नव्हताच. आईवडिलांना विचारून फोटो काढले आणि मॅडमना दाखवले. मॅडमनी कठडा एका विटेने कमी करायला सांगितला, म्हणजे मान स्वतः धरण्याचा थोडा प्रयत्न मुलाला करावा लागेल. पुढच्या रविवारी एक थर उतरवला. नियमही थोडा वाकला: ताई दर पंधरवड्याला भट्टीवरून फोटो आणि माहिती आणतील, तोपर्यंत त्याची जागा राहील, असे मॅडमनी ठरवले.

आईने मला एकदाच विचारले, "ताई, ह्यो चालंल का?" हा प्रश्न मी मॅडमपर्यंत नेला. मॅडमनी मला जे सांगितले तेच मी तिला सांगितले: हा आधाराशिवाय चालेल असे मी सांगू शकत नाही. पण बसेल, हाताने जेवेल, आपले म्हणणे सांगू शकेल, यासाठी आत्ताची वर्षे मोलाची आहेत. तिने थोडा वेळ काही म्हटले नाही. मग म्हणाली, "बसला तरी माझं हात मोकळं व्हतील." मी त्यानंतर प्रत्येक मुलाच्या कागदावर, आईला सर्वांत आधी काय हवे आहे, असा एक रकाना स्वतःहून घालू लागले.

मे अखेरीस भट्टी बंद झाली. पाले उठली आणि कुटुंब परत वाडीवर गेले. विटांची खुर्ची तिथेच राहिली. पावसाळ्यात ताई त्यांच्या वाडीवर जाऊन आल्या. घराच्या कुडाच्या कोपऱ्यात वडिलांनी दगड आणि माती लावून तसाच कोपरा केलेला होता. मुलगा त्यात बसून दोन्ही हातांनी वाटी धरतो. पाय अजून ताठ आहेत. उभा राहत नाही. हे खरे आहे ते मी तसेच तुम्हाला सांगते, कारण मासिकात छापायला चालणाऱ्या मुलाची गोष्ट अधिक बरी दिसते, पण आपली बहुतेक मुले या मुलासारखी आहेत.

आता सरकारची व्यवस्था काय आहे ते थोडक्यात सांगते, कारण ती वापरली पाहिजे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला, आणि त्याचा प्रारंभ आपल्याच महाराष्ट्रात, पालघरसारख्या आदिवासी भागात झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करायची, जन्मजात दोष, कमतरतेचे आजार, इतर आजार आणि विकासातला विलंब हे वेळीच ओळखायचे, असे त्याचे स्वरूप आहे. वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते. पुढच्या उपचारासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे ठेवलेली आहेत. पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, आणि औंधला जिल्हा रुग्णालय.

कागदावर साखळी पूर्ण आहे. ती तुटते ती स्थलांतरात. पथक वाडीच्या अंगणवाडीत येते तेव्हा मूल भट्टीवर असते. भट्टीजवळच्या अंगणवाडीत येते तेव्हा मुलाचे नाव त्या यादीत नसते. दोन्ही ठिकाणी सेविका प्रामाणिकपणे काम करत असतात आणि तरीही मूल दोघींच्या मधून निसटते.

दुसरी अडचण कागदांची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले. १९९५ च्या कायद्यात ते सातच होते. सेरेब्रल पाल्सीचे नाव त्यात स्पष्टपणे आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत अशा मुलांसाठी वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो. पण यासाठी दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, त्यासाठी आधार, आणि आधारासाठी बऱ्याचदा जन्माचा दाखला. जन्म २१ दिवसांत नोंदवायचा असतो. एक वर्ष उलटले की अधिकाऱ्याचा आदेश लागतो. पालात किंवा वाटेत जन्मलेल्या मुलाचा जन्म कोण नोंदवणार? आपल्या या मुलाचा अर्ज अजून याच एका कागदासाठी थांबलेला आहे. ताई त्याच्या मागे आहेत.

मग आपण काय करू शकतो? या विद्येचा इतिहास पाहिला तर उत्तर फार दूर नाही. अमेरिकेत एका क्वेकर कुटुंबात जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी लग्नानंतर कमला निंबकर झाल्या आणि त्यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची भारतातली पहिली शाळा सुरू केली. १९७२ साली मिथू अलूर यांनी मुंबईत सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी शाळा काढली. शहरात पाया असा घातला गेला. आणि खेड्यात काय करता येते हे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला दाखवून दिले. अक्षरओळख नसलेल्या गावातल्या बायांना त्यांनी आरोग्यसेविका केले, आणि त्या बायांनी गावांचे आरोग्य बदलले. विद्या मोठ्या इस्पितळाच्या आतच राहिली पाहिजे असे नाही, हे आरोळे दांपत्याने आपल्यासमोर सिद्ध केले आहे. मुलाला कडेवर कसे घ्यावे हे शिकायला पदवी लागत नाही.

म्हणून माझ्या तुमच्याकडे काही विनंत्या आहेत, आणि त्या अगदी साध्या आहेत.

पहिली. देणगी देताना व्हीलचेअर द्यावी असे अनेकांना वाटते. भावना चांगली आहे. पण मापाशिवाय दिलेल्या मोठ्या खुर्चीत लहान मूल एका बाजूला कलंडते आणि त्याचा कणा वाकतो. त्याऐवजी एका आईचा बसखर्च आणि बुडालेली एका दिवसाची मजुरी द्या. एवढ्याने "अनियमित" हा शेरा पुसला जातो.

दुसरी. ज्यांची मुले मोठी झाली आहेत, ज्यांना पिंपरी, भोसरी, चिंचवडचे रस्ते आणि कचेऱ्या माहीत आहेत, त्यांनी महिन्यातून एक दिवस एखाद्या आईबरोबर जावे. केसपेपर कुठे काढायचा, कुठल्या खिडकीवर उभे राहायचे, दाखल्याला कोणता कागद लावायचा, एवढेच. पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणले आणि दारात गर्दी होती म्हणून छप्पर उघडले, ही गोष्ट आपण सर्वांनी रविवारच्या शाळेत ऐकली आहे. त्या चौघांपैकी कुणालाही वैद्यकी येत नव्हती. ते फक्त त्याला घेऊन आले.

तिसरी. आपल्या घरात, शेजारात, कामाला येणाऱ्या बाईच्या घरात लहान मुलांकडे थोडे लक्ष द्या. चार महिन्यांचे बाळ मान धरत नाही, नऊ महिन्यांचे आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षाचे चालत नाही, वर्षाच्या आतच एकच हात वापरते, चार महिन्यांनंतरही मुठी घट्टच असतात, आवाजाकडे वळत नाही, दूध ओढताना सारखा ठसका लागतो, यांतले काही दिसले तर "उशिरा शिकेल, याचा बापही उशिराच चालला" असे म्हणून थांबू नका. तपासून घ्या. काही नसेल तर उत्तमच.

चौथी. अशा मुलाला आणि त्याच्या आईला आपल्या मंडळीत, लग्नात, वाढदिवसाला बोलवा. मूल ओरडेल, लाळ गाळेल. "बिचारा" म्हणू नका. त्याच्याशी बोला. अनेक आया मला म्हणाल्या की मूल झाल्यापासून आम्ही कुठल्याच कार्याला गेलो नाही.

शेवटी स्वतःबद्दल एक वाक्य. इंटर्नशिप संपली, आता नोकरी शोधायची आहे. शहरात पगार बरा मिळतो आणि घरी पैसे पाठवायचे आहेत, हे मी लपवणार नाही. म्हणून आठवड्याचे पाच दिवस मी चिंचवडला काम करीन, आणि दिवाळीनंतर भट्ट्या सुरू झाल्या की रविवारी ताईंबरोबर चाकणच्या बाजूला जाईन, असे आम्ही ठरवले आहे. आपल्याच वाड्यांतल्या दहा बायांना मुलांना धरण्याच्या, बसवण्याच्या, भरवण्याच्या पद्धती शिकवायच्या, त्यांच्याच बोलीत, अशी ताईंची योजना आहे. मॅडम महिन्यातून एकदा येऊन पाहतील. त्यासाठी जागा मिळाली आहे. चटया दोन हव्या आहेत. विटा तिथे भरपूर आहेत.